चार्जर व्हायला पॉवर सप्लायला काय कमी पडतं?

‘आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले १८६५० सेल त्यावर चार्ज केले तर चालतील का? सर म्हणतात, हात लावायचा नाही.’ डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला आहे. सरांची काळजी रास्त आहे. तरी उत्तर ‘चालतील’ असंच आहे, फक्त त्याला अटी बऱ्याच आहेत.

लिथियम-आयन सेलला चार्जरकडून मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात. सुरुवातीला ठरावीक करंट आणि व्होल्टेज ४.२ वर पोचलं की तिथून पुढे ठरावीक व्होल्टेज. लॅबमधल्या सप्लायवर नेमके हेच दोन नॉब असतात. व्होल्टेजचा ४.२० वर आणि करंटचा १ अँपिअरवर लावून अर्धवट उतरलेला सेल जोडला की ‘सीसी’चा (कॉन्स्टंट करंट) दिवा लागतो. करंट १.०० वर ठाम राहतो आणि व्होल्टेज ३.७, ३.८, ३.९ असं चढत जातं. ४.२० आलं की तो दिवा विझून ‘सीव्ही’चा (कॉन्स्टंट व्होल्टेज) लागतो. आता व्होल्टेज ठाम, आणि करंट ०.८, ०.५, ०.३ असा उतरत जातो. महागड्या चार्जरच्या पोटातही हेच चाललेलं असतं. तिथे दिसत नाही, इथे आकड्यांत दिसतं, म्हणून मला हा प्रकार फार आवडतो.

शेवटी करंट का उतरतो? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. सेलच्या ऋण बाजूला ग्राफाइटचे थर असतात आणि चार्ज होताना लिथियमचे आयन त्या थरांमध्ये जाऊन बसतात. पानं रिकामी असतात तेव्हा माणसं भराभर बसतात, दाराशी कुणी खोळंबत नाही. पंगत भरत आली की रिकामं पान शोधावं लागतं, कुणाला कोपऱ्यात सरकायला सांगावं लागतं, आणि आत सोडण्याचा वेग कमी करावाच लागतो. यजमानाने घाई करून लोंढा आत सोडला तर माणसं दारातच अडकतात. सेलमध्ये हे अडकणं म्हणजे लिथियम थरांत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचणं. त्याचे काटे वाढत जाऊन मधला पातळ पडदा भेदू शकतात, आणि मग सेल आतल्या आत शॉर्ट होतो. शून्य अंशाखाली चार्ज करू नये म्हणतात ते यासाठीच. गारठ्यात आयन इतके मंद होतात की मोकळी पंगतसुद्धा दारातच तुंबते.

लिथियम असं ग्राफाइटमध्ये शिरतं आणि पुन्हा सुखरूप बाहेर येतं, हे १९८० साली ग्रेनोबलमध्ये रशीद याझामी या मोरोक्कोत जन्मलेल्या संशोधकाने दाखवलं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. नोबेलच्या नियमात चौथा माणूस बसतच नाही. योशिनो यांच्या १९८५ च्या सेलमध्ये पेट्रोलियम कोक होता, आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये बहुधा ग्राफाइटच असतं. अमेरिकेतल्या अभियांत्रिकी अकादमीने २०१४ चं ड्रेपर पारितोषिक देताना याझामींना गुडइनफ, निशी आणि योशिनो यांच्या बरोबरीने बसवलं होतं. शाळेच्या पुस्तकांत नोबेलची यादी छापली जाते, ड्रेपरची नाही.

आता ४.२ कुठून आलं ते पाहू. मूळच्या सेलमध्ये धन बाजूला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं. चार्जिंगमध्ये त्यातलं लिथियम बाहेर पडतं आणि साधारण निम्मं बाहेर आलं की व्होल्टेज ४.२ च्या आसपास पोचतं. उरलेलं निम्मं काढता येत नाही असं नाही, पण ऑक्साइडचे थर त्याच्याच आधाराने उभे असतात. ते ओढून काढलं की थर ढासळतात, ऑक्सिजन सुटतो, आणि शेजारीच पेट घेणारं द्रावण असतं. त्या पदार्थाची कागदावरची क्षमता ग्रॅममागे २७४ मिलीअँपिअर-तास आहे, वापरली जाते ती १४० च्या घरातली. म्हणजे ‘पूर्ण चार्ज’ झालेल्या सेलमध्येही अजून ओढण्यासारखं बरंच लिथियम असतं, आणि मर्यादा चुकीची लावली तर पॉवर सप्लाय ते बिनतक्रार ओढत राहतो.

ही मर्यादा नीट लावण्यातच खरी मेख आहे. ३० व्होल्टच्या सप्लायचा मीटर पूर्ण मोजपट्टीच्या १ टक्क्याने चुकला तर ती चूक ०.३ व्होल्ट होते. म्हणजे पडद्यावर ४.२ आणि सेलवर ४.५! सेलला चालते जेमतेम ०.०५ ची चूक. तेव्हा सप्लायच्या पडद्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. आधी काही न जोडता मल्टिमीटरवर ४.२० जुळवा, किंवा ४.१० च जुळवा. क्षमता साधारण दहा टक्के कमी मिळेल, पण सेल जास्त टिकेल. मग दोन्ही क्लिपा एकमेकींना टेकवून करंटची मर्यादा लावा. त्यानंतर आउटपुट बंद करून, धन-ऋण दोनदा तपासून सेल जोडा, आणि शेवटी आउटपुट चालू करा. काढताना उलट क्रम: सेल सुटा केल्याशिवाय सप्लायचं मुख्य बटण बंद करायचं नाही, नाहीतर सेलच सप्लायमध्ये करंट ढकलू लागतो.

यावर उपाय म्हणून काही जण मध्ये डायोड टाकून मोकळे होतात. डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात म्हणून सप्लाय ४.९ ला लावायचा, असा हिशेब. तो फसवा आहे. करंट उतरत गेला की डायोडवरचे व्होल्टही कमी होतात, आणि नेमक्या शेवटच्या टप्प्यात सेलवर ४.२ च्या वर ताण येतो. डायोड लावायचाच असेल तर व्होल्टेज सेलच्या टोकांवर मोजा. साधा फ्यूज मला जास्त पसंत आहे.

करंट किती लावायचा? क्षमतेच्या निम्म्याहून जास्त नको. पण क्षमता म्हणजे वेष्टनावर छापलेला आकडा नव्हे. बाजारात ‘९९०० मिलीअँपिअर-तास’ असं ठळक छापलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब नळकांड्यात चांगल्यातले चांगले उत्पादकही ३५०० च्या आसपासच अडतात, तेव्हा ९९०० ही निव्वळ थाप आहे. ती खरी मानून निम्मा करंट लावला तर होतात जवळजवळ ५ अँपिअर. आतला माल खरोखर १००० चा असेल तर पंगतीच्या दारावर दहापट गर्दी. लॅपटॉपच्या जुन्या सेललाही त्याची तरुणपणातली क्षमता विचारू नका, अर्ध्या अँपिअरवर समाधान माना. व्होल्टेज २ च्या खाली गेलेला सेल तर ‘जिवंत’ करण्याच्या भानगडीत पडूच नका. अशा सेलमध्ये ऋण बाजूची तांब्याची पत्री विरघळलेली असू शकते, आणि चार्ज करताना तेच तांबं भलतीकडे बसून शॉर्ट घडवतं. टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा. फुगलेल्या पाऊच सेललाही हाच न्याय.

सप्लायला कमी पडतं ते हे: तो थांबत नाही. १ अँपिअरपासून उतरलेला करंट ०.१ वर आला की सेल भरला, पण सप्लाय ४.२० धरूनच बसतो. लिथियमला असं रात्रभर टांगून ठेवणं मानवत नाही. आउटपुट माणसाने बंद करायचं असतं, म्हणून माणूस जागेवर हवा. तो नॉबला कुणाचा धक्का लागू नये हेही पाहील. सेल फरशीवर ठेवा, लाकडी टेबलावर नको.

आणि पॅक? ड्रोनच्या तीन सेलच्या पॅकला १२.६ व्होल्ट लागतात. ४.३५, ४.१५ आणि ४.१० यांची बेरीजही १२.६० च होते. सप्लायला दिसते ती बेरीज. ४.३५ वर घुसमटणारा पहिला सेल त्याला दिसत नाही. तेव्हा पॅकसाठी प्रत्येक सेल वेगळा पाहणारा बॅलन्स चार्जर, दुसरं काही नाही.

लिथियम सोडून इतर सेलचं गणित वेगळं. निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल भरत आले की तापतात आणि त्यांचं व्होल्टेज किंचित घसरतं, त्यामुळे व्होल्टेजची मर्यादा तिथे कामालाच येत नाही. तिथे वेळ मोजूनच थांबायचं: २००० मिलीअँपिअर-तासांच्या सेलला २०० मिलीअँपिअर, चौदा ते सोळा तास, आणि घड्याळ.

सप्लायचं खरं जमतं ते लेड-अ‍ॅसिडशी. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली (पॅरिसजवळ सापडलेल्या एका अवाढव्य पक्ष्याच्या जीवाश्माला त्याच्या नावावरून गास्टॉर्निस म्हणतात, तो गडी हाच). तेव्हा वापरण्याजोगा डायनॅमो नव्हता, म्हणून प्लांते आपली बॅटरी बुन्सेनच्या सेलवर चार्ज करी. दोन बुन्सेन सेलना आपले कित्येक सेल समांतर जोडून सावकाश भरायचे आणि मग तेच एकापुढे एक जोडून प्रचंड व्होल्टेज काढायचं, ही त्याची युक्ती. थोडं जास्त चार्ज झालं तर लेड-अ‍ॅसिडमधलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. खिडकी उघडी असेल आणि ठिणगी नसेल तर एवढ्यावर भागतं. लिथियममध्ये ही सूट नाही.

तेव्हा पत्रलेखकाच्या सरांना एक विनंती. सप्लाय कपाटात बंद करण्याऐवजी यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणा. मर्यादा १४.४ व्होल्ट आणि १ अँपिअर लावा, खिडक्या उघडा आणि मुलांना दर दहा मिनिटांनी दोन्ही आकडे टिपून आलेख काढायला लावा. सीसीचा दिवा विझून सीव्हीचा कधी लागला आणि करंट कुठे आला की आउटपुट बंद करायचं, हे ज्याला आलेखावर दाखवता येईल त्याच्याच हातात पुढच्या आठवड्यात लिथियमचा एक सेल द्या. तोही तुमच्यासमोर.