घरी केलेल्या पिस्तुलाची नोंद होते का?



वस्तीवरच्या शाळा, आरोग्य शिबिरे, मुलींची वसतिगृहे यांविषयी या अंकातून आपण नेहमी वाचत आला आहात. या वेळी मात्र गावठी कट्ट्याविषयी लिहावे लागत आहे. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या भागांतील आणि पलीकडे माण-खटावकडच्या वस्त्यांवर मी कायद्याची तोंडओळख करून देणारे वर्ग घेते. विषय साधेच असतात: जातीचा दाखला, शिधापत्रिका, ऊसतोडीची उचल. पण अलीकडे तरुण मुले वर्ग संपल्यावर मागे थांबतात आणि हळूच विचारतात, "ताई, अमेरिकेत माणूस घरी पिस्तूल बनवतो, सरकारकडनं नंबर घेतो, अन् झालं. आपल्याकडं कुठं नोंदवायचं? कलेक्टर ऑफिसात का पोलीस ठाण्यात?"

उत्तर एका शब्दाचे आहे: कुठेच नाही. पण एवढे सांगून भागत नाही, कारण मुलांच्या मनातला हिशेब वेगळाच असतो. आपल्या सांगली-मिरजेत गुंठेवारीची वस्ती आधी उभी राहते, मग शुल्क भरून ती नियमित होते. जन्माची नोंद राहून गेली तरी उशिरा करून मिळते. अतिक्रमणातली झोपडी कधीतरी कागदावर येते. आधी करा, मग सरकारकडून शिक्का घ्या, हा क्रम लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. शस्त्रांचा कायदा नेमका याच्या उलट क्रमाने चालतो. परवाना आधी आणि हत्यार नंतर. परवान्याशिवाय तयार झालेल्या हत्याराला पुढे कधीही कायदेशीर होण्याची वाट ठेवलेली नाही. दंड भरून नाही आणि प्रतिज्ञापत्र करूनही नाही.

अमेरिकेबद्दल मुलांनी ऐकलेले अगदीच खोटे नाही, हेही सांगायला हवे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार ज्याला शस्त्र बाळगण्यास मनाई नाही असा माणूस स्वतःच्या वापरासाठी परवान्याविना बंदूक बनवू शकतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात 2018 पासून त्याआधी राज्य सरकारकडून क्रमांक घ्यावा लागतो. सुट्या भागांच्या तयार संचांवर तिथेही बंधने आली, आणि मार्च 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण शस्त्र बाळगणे हा त्या देशाच्या घटनेत हक्क म्हणून लिहिलेला आहे. आपल्या घटनेत तसा हक्क नाही. फोनवरचा व्हिडिओ हे सांगत नाही.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: महाराष्ट्राचा कायदा वेगळा आहे का? शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे मूळ कायदा देशभर एकच, शस्त्र अधिनियम 1959, आणि त्याखालचे 2016 चे नियम. राज्याकडे आणि जिल्ह्याकडे अंमलबजावणी आहे. सांगली-साताऱ्यात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून व्यक्तीला परवाना देणारा अधिकारी जिल्हाधिकारी. अर्ज आला की तो पोलिसांचा अहवाल मागवतो. अर्जदाराचे वय 21 पूर्ण हवे. परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. हे दोन्ही आकडे 2019 च्या दुरुस्तीने बदलले. आधी तीन वर्षे आणि तीन बंदुका होत्या.

परवाना मिळाला तरी हत्यार कायदेशीर मार्गानेच घ्यावे लागते. त्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, तोच परवान्यावर चढतो. घरी केलेल्या पिस्तुलावर यातले काहीच नसते. कलम 8 तर म्हणते की बिनाखुणेची बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच ती खूण खोडली असे उलट सिद्ध होईपर्यंत धरले जाईल. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस पाटलांचे पत्र, आमदारांची शिफारस, यांतल्या कशानेही तो क्रमांक उमटत नाही.

बनवण्याचा परवाना हा आणखी वेगळा, कलम 5 खालचा. तो कारखान्यांसाठी आहे आणि त्याचा निर्णय केंद्राच्या पातळीवर होतो. त्याविना बंदूक बनवणे, विकणे, विकण्यासाठी ठेवणे, एवढेच काय, दुरुस्त करणे, या सगळ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे कैद आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. नुसते जवळ बाळगण्याला किमान दोन वर्षे, कमाल पाच. पूर्वी हेच एक ते तीन वर्षे होते. जुनी माणसे अजून "वर्षभरात सुटतो" म्हणतात. तो हिशेब आता जुना झाला.

'बंदूक' या शब्दात कायद्याने सुटे भागही धरले आहेत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारी आपली काही मुले आहेत. कुणी येऊन "एवढी नळी फिरवून दे, पाचशे जास्त देतो" म्हटले तर ती नळी कशाची आहे हे विचारायलाच हवे, असे मी त्यांना बजावून सांगते. खेळण्यातले पिस्तूल बदलून चालते करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. दुसरीकडे, ऊसतोडीचा कोयता, कुऱ्हाड, काठी घेऊन निघालेल्या माणसाने विनाकारण घाबरू नये. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी असलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. अर्थात कोयता फडात असतो तेव्हाची ही गोष्ट. तोच भांडणात उगारला की दुसरी कलमे आहेतच.

आता राज्याचा भाग. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली जिल्हाधिकारी सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात शस्त्र घेऊन फिरण्यास मनाईचे आदेश काढतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ते बारीक अक्षरांत येतात आणि कुणी वाचत नाही. ते मोडले की कलम 135 लागते. म्हणूनच बातम्यांत शस्त्र अधिनियमाबरोबर हे 135 जोडलेले दिसते. त्याच कायद्यातली तडीपारी दोन वर्षांपर्यंतची असू शकते. ज्या कुटुंबाला आधीच एका गावात टिकू दिले जात नाही, त्याच्या कर्त्या मुलाला जिल्ह्याबाहेर काढणे म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही.

हे कट्टे येतात कुठून? पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत एक नाव वारंवार दिसते: उमर्टी, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्याचे, जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले गाव. तिथली शिकलगार कुटुंबे पिढीजात हत्यारे घडवणारी. शिकलगार हे आडनाव आपल्या सांगली-मिरजेतही आहे, आणि इथली माणसे सुऱ्या-कात्र्यांना धार लावून सरळ पोट भरतात. एका गावातल्या काही भट्ट्यांवरून आख्ख्या जमातीकडे बोट दाखवू नये. हे मी पारध्यांसाठी म्हणते तसेच शिकलगारांसाठीही म्हणते.

कारण बोट दाखवण्याचा हा इतिहास आपल्या वस्त्यांनी भोगला आहे. 1871 च्या कायद्याने आख्ख्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. जन्मालाच गुन्हा ठरवणारा तो कायदा 1952 मध्ये देशभरातून गेला. त्या काळच्या तारेच्या कुंपणाच्या वसाहतींपैकी काही मुक्तिफौजेसारख्या मिशन संस्था चालवत असत, हे आपण मंडळीतल्या लोकांनी विसरू नये. फासेपारधी नावाप्रमाणे फास लावून शिकार करणारा; बंदूक हे त्याचे हत्यार कधी नव्हतेच. तरीही परिसरात कुठे गोळी झाडली गेली की पहिली झडती पालांवर येते.

आणि म्हणूनच कलम 35 मी प्रत्येक वर्गात दोनदा सांगते. अनेकांच्या सामाईक ताब्यातील घरात किंवा वाहनात हत्यार सापडले, तर ते तिथे आहे हे माहीत असल्याचे मानण्यास कारण असलेली प्रत्येक व्यक्ती जबाबदार धरली जाते; उलट सिद्ध करायचे ते तिने. एका पालात आठ माणसे झोपतात. एका वस्तीवर एका आजीने मला विचारले, "पिशवी पोराच्या दोस्ताची. मी नुसती कणगीमागं ठेवली. मग माझं काय?" सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितले आहे की 'ताबा' म्हणजे हत्यार हातात असणे एवढेच नव्हे, त्यावर नियंत्रण असले आणि त्याची जाणीव असली तरी तो ताबाच. उलट बाजूही त्यातच आहे: खरोखर माहीत नसेल तर तो ताबा नव्हे. आजींना मी एवढेच म्हटले, "दुसऱ्याची पिशवी ठेवायची तर समोर उघडून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर ठेवू नका."

पिशवी पोचवणारी पोरेही अशीच सापडतात. एसटीने फलटणहून विट्याला एक पुडके न्यायचे, हजार रुपये मिळायचे. संशयास्पद रीतीने हत्यार नेणाऱ्याला पोलीसच नव्हे, तर वाहनावर काम करणारा कर्मचारीही वॉरंटविना अटक करू शकतो, म्हणजे आपला कंडक्टरसुद्धा. पोर 18 च्या आतले असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि त्याच्या हाती पुडके देणाऱ्या मोठ्या माणसाला 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख दंड आहे. हे दुसरे अर्धे वाक्य पालकांना ठाऊकच नसते, म्हणून पोराचे नाव पुढे येते आणि देणारा मागे राहतो.

वर्गात एखादा तरुण हमखास म्हणतो, "पत्रीसरकारकडं पण होतीच की हत्यारं." खरे आहे. त्या काळी 1878 चा शस्त्र कायदा होता, परक्या सत्तेने रयतेला निःशस्त्र ठेवण्यासाठी केलेला. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ तुफान सेनेने रेल्वे अडवली ती त्या सत्तेविरुद्ध. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या मातीत त्याचा अभिमान असावाच. पण कंबरेला कट्टा खोचून रील काढणाऱ्याने तुफान सेनेचे नाव घ्यावे, हे मला पटत नाही, आणि मी ते तोंडावर सांगते.

शिराळा आणि पाटणच्या डोंगरकपारीतला प्रश्न मात्र खरा आहे. चांदोली-कोयनेच्या जंगलालगत रानडुकरे एका रात्रीत भात लोळवतात. तिथे ठासणीच्या बंदुकीची आठवण अजून आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, तशी तरतूद कलम 13 मध्येच आहे. पण तीही परवाना घेऊन विकत घेतलेली हवी, घरच्या लोखंडी नळीची नव्हे. शिवाय परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव मारणे 1972 च्या वेगळ्या कायद्याने बंद आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीजवळ तर दोन्ही कायदे एकदम अंगावर येतात. नुकसान झाले तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करणे हीच वाट आहे, मग ती कितीही कटकटीची असो.

वडिलांची परवान्याची बंदूक घरात आहे आणि ते वारले, असे आपल्या मंडळीतल्या काही घरांतही घडते. भिंतीवर आठवण म्हणून ती ठेवू नये. परवाना त्यांच्या नावाचा होता. वारसाला तो आपोआप येत नाही. बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि हवी असेल तर वारस म्हणून स्वतंत्र अर्ज करावा.

शेवटी, झडती आणि अटक झालीच तर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण व्हायला हवे, पंच हवेत. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे आणि 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर सहसा अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नुसते बाळगण्याच्या प्रकरणात खटला भरण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती कागदपत्रांत आहे का हे वकिलाला पाहायला सांगावे.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच कोणत्याही जातीच्या स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. देशभरासाठी दूरध्वनी क्रमांक 15100. घरात असे काही सापडले आणि काय करावे सुचत नसेल, तर विहिरीत टाकण्याआधी किंवा पोराला पळवून लावण्याआधी याच क्रमांकावर बोलावे. वस्तीवरच्या आमच्या कार्यकर्त्यांकडे हा क्रमांक छापलेल्या चिठ्ठ्या आहेत. आपल्या मंडळीत वाटायला हव्या असतील तर कळवा, पुढच्या अंकाबरोबर पाठवू.