थांबण्याचं गणित

गणेशोत्सवातली धावती रोषणाई एकेकाळी मोटरवर फिरणाऱ्या रुळाने चालायची. रुळावर तांब्याच्या पट्ट्या, त्यांना घासणारे ब्रश. पट्टी जितकी लांब तितका वेळ ती माळ पेटलेली. मग ५५५ आणि ४०१७ या आयसींची जोडी आली आणि दहा दिवे ओळीने धावू लागले. पण नक्षी बदलायची तर पुन्हा सोल्डरिंग आलंच.

नक्षी सोल्डरिंगमधून सुटली ती मायक्रोकंट्रोलरमुळे. इंटेलची ८०५१ ही १९८०ची. आपल्याकडच्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये तिचा अ‍ॅटमेलचा अवतार, एटी८९सी५१, घट्ट रुजला. पोर्टला आठ एलईडी लावायचे, एक बिट डावीकडे सरकवत न्यायचा आणि दर पावलाला थांबायचं. खरी मेहनत त्या थांबण्यात. १२ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर ‘डीजेएनझेड’ या सूचनेला दोन मायक्रोसेकंद लागतात, २५० वेळा फिरवलं की अर्धी मिलिसेकंद. अशा पाचशे फेऱ्या झाल्या की पाव सेकंद. हा हिशेब ज्यांनी वहीत मांडला, त्यांना यंत्राचा वेग आतून कळला असं मला ठामपणे वाटतं.

२००५मध्ये इटलीतल्या इव्रेआत आर्डुइनो जन्मलं आणि तो हिशेब ‘डीले(१०००)’ एवढ्यात आटोपला. ज्यांचा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध नव्हता तेही दिवे लुकलुकवू लागले, ही फार मोठी गोष्ट झाली. मात्र डीले चालू असताना प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. बटण दाबलं तरी दखल घेत नाही. म्हणून जाणकार ‘मिलिस’ या फंक्शनकडे वळले: थांबायचं नाही, मधूनमधून घड्याळ बघायचं.

डब्ल्यूएस२८१२च्या एलईडी पट्टीने हेही विस्कटलं. या पट्टीतल्या प्रत्येक एलईडीत स्वतःची चिप. डेटाची तार एकच. एका दिव्याला २४ बिट, आधी हिरवा, मग लाल, मग निळा. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे १६ मेगाहर्ट्‌झच्या आर्डुइनो ऊनोवर घड्याळाचे जेमतेम वीस ठोके. त्यामुळे अ‍ॅडाफ्रूटच्या निओपिक्सेल लायब्ररीत ऊनोसाठीचा हा भाग असेम्ब्लीतच लिहिलाय, आणि तो चालताना इंटरप्ट बंद. तीनशे दिव्यांना नऊ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात मिलिसचं घड्याळ मागे पडतं. ठोके मोजण्याचं ८०५१च्या काळातलं काम इथे नव्याने करावं लागलं. शिवाय तीनशेही दिवे पूर्ण पांढरे केले तर १८ अँपिअरपर्यंत करंट ओढतात. त्याला वेगळा पॉवर सप्लाय हवाच.

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र डेटाच्या अशा पल्ससाठी आरएमटी नावाचा स्वतंत्र भाग आहे. तो ठोके सांभाळतो, तेवढ्यात प्रोसेसर पुढची नक्षी जुळवून ठेवतो.