पारख करणं म्हणजे अविश्वास नव्हे

डहाणू-तलासरीकडे एखाद्या पाड्यावर मांडव पडतो, बाहेरगावचा सेवक येतो, गीतं होतात, मग संदेश. बहुतेक वेळा तो संदेश चांगलाच असतो. कधी मात्र त्यात असं काही येतं, की ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. तरी तो गप्प बसतो, कारण सेवकाच्या शब्दावर शंका घेणं पाप आहे, असं कोणीतरी त्याच्या मनावर बिंबवलेलं असतं. या गप्प बसण्याची किंमत घराघरांना मोजावी लागते. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय तर प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, असंच सांगतो. ही आज्ञा सगळ्या मंडळीला आहे.

गैरसमज : देवाच्या अभिषिक्ताला प्रश्न विचारू नये.

यासाठी दाविदाचा दाखला देतात. शौल गुहेत हाती सापडला, तरी दाविदाने त्याला मारलं नाही. खरं आहे. पण 1 शमुवेल 24 पुढे वाचा. दावीद गुहेबाहेर येतो, शौलाला हाक मारतो, त्याच्या झग्याचा कापलेला काठ दाखवतो आणि त्याच्या माणसांदेखत जाब विचारतो. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पौलाची तपासणी चालते, तर मुंबईहून किंवा वापीहून आलेल्या पाहुण्या सेवकाची का चालू नये?

गैरसमज : चमत्कार झाला, सांगितलेलं खरं ठरलं, म्हणजे शिकवण देवाची.

अनुवादाच्या 13 व्या अध्यायात मोशे नेमकं याविरुद्ध बजावतो : संदेष्ट्याने सांगितलेली खूण खरी ठरली, तरी तो देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. मत्तय 7 मध्ये येशूच्या नावाने भुतं काढणारे आणि अद्भुतं करणारे लोक आहेत, आणि येशू त्यांची ओळखच नाकारतो. पाहायचं ते फळ. हा माणूस पैसा कसा वापरतो, बायकांशी कसा बोलतो, हिशेब मागितला तर चिडतो का? सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या छोट्या पुस्तकात फिरत्या सेवकांसाठी रोखठोक नियम आहे : एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकला किंवा जाताना पैसे मागितले, तर तो खोटा संदेष्टा.

जगाच्या अंताच्या तारखा सांगणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. अमेरिकेत 22 ऑक्टोबर 1844 आणि 21 मे 2011 या तारखा मोठा गाजावाजा करून सांगितल्या गेल्या. दोन्ही दिवस सरले. तो दिवस कोणाला ठाऊक नाही, हे येशूने आधीच सांगून ठेवलं होतं.

गैरसमज : खरा विश्वास असेल तर गोळ्या-इंजेक्शन नको.

आपल्या भागात सगळ्यांत घातक शिकवण हीच आहे. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच मागे ठेवलं. त्याच्या सोबतीला लूक होता, आणि लूक वैद्य. यांतल्या कोणाचा विश्वास कमी होता? डहाणूत सुवार्ता घेऊन आलेल्या अमेरिकन ब्रदरन मिशनने डहाणू रोडला इस्पितळही उभारलं. प्रार्थना आणि औषध यांत त्यांना भांडण दिसलं नाही.

मण्यारीचंच घ्या. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास थांबतो. या काही तासांतच सापाची लस आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर माणसाला वाचवू शकतात. अशा वेळी सकाळपर्यंत प्रार्थना करू म्हणणारा माणूस रुग्णाला मरणाच्या दारात बसवून ठेवतो. 108 ला फोन करा, आणि प्रार्थना गाडीतही करा. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. टीबीचंही तसंच. नेहमीच्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून साक्ष देऊन मध्येच गोळ्या सोडल्या, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या इतरांनाही धोका होतो.

गैरसमज : घरात आजार म्हणजे पूर्वजांचा शाप, तो तोडायला खास तेल आणि अर्पण लागतं.

पालघरच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. यात कोणाच्या आजोबाचं पाप नाही. यहेज्केल 18 मध्ये बापाच्या पापाची शिक्षा मुलगा भोगणार नाही असं देव सांगतो, आणि जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हे कोणाचं पाप असं विचारलं तेव्हा येशूने शापाची कल्पना उडवून लावली. करणीच्या भीतीतून सुटायला जी माणसं ख्रिस्ताकडे आली, त्यांच्या गळ्यातला ताईत काढून हातात अभिषिक्त तेलाची बाटली द्यायची आणि दर महिन्याला नवी घ्यायला लावायची, याचा मला संताप येतो. भीती तीच राहिली, फक्त वसूल करणारा बदलला.

गैरसमज : आपल्या पंथाबाहेरचं ते सगळं खोटं.

तलासरीत जेझुइट फादरांचं मिशन आहे, डहाणूला ब्रदरन परंपरा आहे, पाड्यांवर पेंटेकॉस्टल संगती आहेत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. प्रौढांना पाण्यात तीनदा बुडवून बाप्तिस्मा देणारे ब्रदरन आणि तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालणारे अँग्लिकन त्यात एकत्र आले. बाप्तिस्म्याच्या पद्धतीत फरक असणं वेगळं; येशू देहाने आला, मेला, उठला हेच नाकारणं किंवा तारण पैशांत विकणं वेगळं. तारपा वाजवला म्हणजे सैतान आला, असं सांगणाऱ्याने रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय आधी वाचावा.

गैरसमज : पारख हे शिकलेल्यांचं काम.

वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून वाचून घ्या, किंवा मोबाईलवर ऐका. सेवकाने एकच वचन सांगितलं असेल, तर त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा ऐका. निम्मे खोटे अर्थ तिथेच गळून पडतात. मग दोघा-तिघा जुन्या विश्वासणाऱ्यांसमोर शंका मांडा. आणि “हे घरी किंवा पाळकांना सांगू नका” असं कोणी सांगितलंच, तर त्याच दिवशी दोघांनाही सांगा.