पोकळीत शिजणारी साखर

गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटतो. गूळ उतरवायच्या वेळी पाकाचं तापमान 118 अंश सेल्सियसच्या आसपास जातं. तांबूस रंग, खमंग वास, आणि गुळाला तेच तर हवं असतं. साखर कारखान्याला मात्र हा खमंगपणा परवडत नाही. जास्त आचेला साखर विघटित होते, रंग काळवंडतो, पोत्यात जायची ती साखर मळीत जाते.

म्हणून कारखान्यात पाक शिजतो तो बंद भांड्यात, आतली बरीचशी हवा काढून टाकून, साधारण 60 ते 70 अंशांना. हा व्हॅक्युम पॅन. इंग्लंडच्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्डने 1813 मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

एवढ्या कमी तापमानाला पाक उकळतोच कसा? पाणी 100 अंशांना उकळतं ते डोक्यावरच्या हवेच्या दाबामुळे, आणि हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. महाबळेश्वरला हवा थोडी विरळ, तर पाणी चार-पाच अंश आधीच उकळतं. पॅनमध्ये बाहेरच्या दाबाचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा उरतो.

ही पोकळी निर्माण होते कशी, हा भाग फार सुंदर आहे. पाकातून निघालेली वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे तिच्यावर गार पाण्याचा फवारा बसतो. साध्या दाबाला लिटरभर पाण्याची सोळाशेहून जास्त लिटर वाफ होते. तिचं पुन्हा पाणी झालं की मागे रिकामी जागा राहते. फटीतून शिरणारी हवा तेवढी पंपाने काढत राहायची. आता हे पाणी खाली सोडायचं, पण बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. पोकळी काही ओढत नसते, ढकलते ती बाहेरची हवा. नळीने उसाचा रस पितानाही रस वर चढतो तो तिच्याच जोरावर. पण तिची ताकद मर्यादित. इटलीच्या टोरिचेलीने सतराव्या शतकात दाखवलं की ती पारा 76 सेंटिमीटरच उचलू शकते. पाण्याच्या बाबतीत हा आकडा 10.3 मीटर येतो. म्हणून कंडेन्सर त्याहून उंच बसवतात, आणि त्याची लांब नळी खालच्या हौदातल्या पाण्यात बुडवून ठेवतात.

पॅन सांभाळणारा कारागीर, म्हणजे पॅनमन, मधूनमधून प्रूफ स्टिकने नमुना बाहेर काढतो. आतली पोकळी न मोडता. काचेच्या तुकड्यावर पसरून, उजेडाकडे धरून दाणा बघतो. तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं असली तरी या नजरेला आजही किंमत आहे.

अर्थात, पॅनमधली ही पोकळी ढोबळच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला याहून कितीतरी काटेकोर पोकळी लागणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेसर किरण धावतील, आणि वाटेत हवेचे रेणू आडवे आले तर गुरुत्वीय लहरींची अतिसूक्ष्म थरथर मोजता येणार नाही. अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्यांत वातावरणाच्या दाबाचा लाख कोटीवा हिस्सा असतो. भारतातल्या वेधशाळेच्या उभारणीला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली असून, तिचा अंदाजित खर्च 2,600 कोटी रुपये आहे.