विश्लेषण : मनोविकारावरील औषधाआधी ईसीजी कशासाठी?

स्किझोफ्रेनियासारख्या आजारावर औषध सुरू करण्यापूर्वी अनेकदा ईसीजी काढायला सांगितले जाते. डोक्याच्या आजाराला हृदयाची तपासणी कशाला, असा प्रश्न नातेवाईकांना पडतो.

हृदयावर परिणाम कसा?

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात. काही अँटिसायकोटिक औषधे ही वाट अडवतात. मग ईसीजीवरील ‘क्यूटी’ कालावधी लांबतो. तो ५०० मिलिसेकंदांपुढे गेल्यास ठोक्यांची लय बिघडून जिवावर बेतू शकते. याच धोक्यामुळे थायोरिडाझिन हे औषध मूळ कंपनीने २००५ मध्ये जगभरातून मागे घेतले. अ‍ॅरिपिप्राझोलमध्ये हा धोका बराच कमी आहे.

जपावे कोणी?

महिला, वृद्ध, हृदयरुग्ण आणि जुलाब-उलट्यांमुळे पोटॅशियम घटलेले रुग्ण. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके सोबत घेतल्यास धोका वाढतो. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी दाखवावी.

गोळ्या बंद कराव्यात का?

स्वतःहून मुळीच नाही. औषध तुटल्यास आजार उलटतो. भोवळ, धडधड किंवा शुद्ध हरपणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांना गाठावे. डोस कमी करणे किंवा औषध बदलणे, हे पर्याय त्यांच्याकडे असतात.