ताडपत्री घ्या, पण काट्यावर घालून



उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की आपण डोळ्यांत तेल घालून आकडा बघतो. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, पावतीवरचा आकडा, सगळे जुळले पाहिजे. फरक दिसला तर गट ऑफिस गाठतो. ते योग्यच आहे, घामाचा माल आहे. पण हाच सभासद बाजारात ताडपत्री घ्यायला गेला की काय करतो? बोटांनी चिमटीत धरतो आणि विचारतो, "शेठ, जाड हाय का?" शेठ म्हणतो, "पाटील, एक नंबर माल. डोळे झाकून न्या." आणि आपण खरोखरच डोळे झाकून आणतो.

उसाचे बिल हाती यायला वेळ असतो. दिवाळीचा बाजार, रब्बीचे बियाणे, मजुरी हा खर्च आपल्यापैकी पुष्कळांचा सोयाबीनवर चालतो. आणि सोयाबीन काढणीला येते ते नेमके परतीच्या पावसाच्या तोंडावर. २०१९ साली ऑक्टोबरअखेरच्या पावसाने राज्यभर काढलेल्या आणि उभ्या सोयाबीनचे काय झाले, ते सर्वांच्या लक्षात आहे. एवढ्या पावसापुढे ताडपत्री सगळेच वाचवील, असे आम्ही म्हणत नाही. पण दोन-चार दिवसांच्या सरीत ज्याची गंजी नीट झाकलेली असते, त्याचा माल बाजारात माल म्हणून जातो. ज्याची ताडपत्री गळते, त्याचे दाणे काळे पडतात. म्हणून या अंकात ताडपत्रीच्या खरेदीविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ताडपत्रीचे प्रकार

पूर्वी ताडपत्री म्हणजे डांबर किंवा मेण चढवलेले जाड सुती कापड. आजही कॅनव्हासची ताडपत्री मिळते. तिच्यातून थोडी हवा खेळते, घासली तरी लवकर फाटत नाही. पण ती जड असते, महाग असते आणि ओली घडी घालून ठेवली की बुरशी धरते व कुजते.

आता बहुतेक घरी असते ती प्लॅस्टिकची विणलेली ताडपत्री. एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून कापड करतात आणि त्यावर दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर चढवतात. ताकद विणीची, पाणी अडवण्याचे काम थराचे. थर निघाला की ती चाळणीसारखी गळते, मग वीण कितीही मजबूत असो.

तिसरा प्रकार न विणलेल्या, प्लॅस्टिकचे पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेल्या ताडपत्रीचा. ती वजनाला हलकी असते आणि पाणी चांगले अडवते.

रंग बघू नका, वजन बघा

निळी चांगली की पिवळी, काळी की चंदेरी, असे सभासद विचारतात. नुसत्या रंगावरून प्रत कळत नाही. विणलेल्या ताडपत्रीची प्रत जीएसएमवर मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर तुकड्याचे वजन किती ग्रॅम. दुकानदार कधी मायक्रॉन सांगतो, ती जाडी झाली. दोन्ही आकडे एक नव्हेत. 'दोनशेची आहे' म्हटले की 'दोनशे काय?' हे आधी विचारावे.

आणि जीएसएम खरा की खोटा हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. किराणा दुकानाचा काटा पुरतो. लांबी गुणिले रुंदी फुटांत, त्याला जीएसएमने गुणावे आणि १०,७६४ ने भागावे. आले ते वजन किलोत. २०० जीएसएमच्या ताडपत्रीचा हिशोब असा:

१२ बाय १८ फूट: सुमारे ४ किलो
१८ बाय २४ फूट: सुमारे ८ किलो
२४ बाय ३० फूट: सुमारे साडेतेरा किलो
३० बाय ४० फूट: सव्वाबावीस किलोच्या वर

दोरी आणि कड्यांचे वजन यात धरलेले नाही, म्हणून काट्यावर आकडा थोडा जास्तच यायला हवा. 'दोनशेची' म्हणून दिलेली १८ बाय २४ ची ताडपत्री पाच किलोच भरली, तर ती सव्वाशेचीसुद्धा नाही. हा कागद खिशात ठेवा आणि दुकानात काढा.

मापही टेपने घ्यावे. पुष्कळदा १८ बाय २४ हे कापड कापतानाचे माप असते. काठ दुमडून शिवल्यावर दोन्ही बाजूंनी काही इंच कमी भरते.

दुकानातच करायच्या तपासण्या

१. ताडपत्री उन्हासमोर धरावी. टाचणीएवढी भोके किंवा विरळ वीण लगेच दिसते.

२. एक कोपरा मुठीत चुरगाळून जोराने चोळावा. पापुद्रा सुटला तर ती परत ठेवावी.

३. काठाच्या दुमडीत दोरी आहे का, कोपऱ्यांना जादा पट्टी आहे का, हे पाहावे. कड्या साधारण तीन-तीन फुटांवर असाव्यात आणि गंजणाऱ्या लोखंडाच्या नसाव्यात. ताडपत्री बहुधा कडीपाशीच फाटायला सुरुवात होते.

४. उन्हापासून संरक्षण देणारे द्रव्य, म्हणजे यूव्ही, मिसळले आहे का ते विचारावे. साध्या प्लॅस्टिकचा खरा वैरी पाऊस नसून ऊन आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बिलावर लिहून घ्यावे.

५. विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीसाठी भारतीय मानक आयएस ७९०३ आहे. तो शिक्का, उत्पादकाचे नाव आणि उत्पादनाचे साल पाहावे. पक्के बिल घेऊन त्यावर माप व जीएसएम लिहून घ्यावा. काही जिल्हा परिषदा सेस फंडातून ताडपत्रीला अनुदान देतात. पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी चौकशी करावी.

कोणत्या कामाला कोणती?

चार दिवस खळ्यावर खाली अंथरायला हलकी किंवा जुनी चालते. गंजी, धान्याची पोती, कडबा झाकायला आमच्या मते २०० जीएसएमच्या खाली जाऊ नये. घराचे बांधकाम चालू असेल, ताडपत्री महिनोन्महिने उन्हावाऱ्यात राहणार असेल किंवा ट्रॉलीवर बांधायची असेल, तर २५० च्या पुढची घ्यावी. समजा, हलकी १,२०० रुपयांना मिळाली आणि एक हंगाम टिकली. चांगली २,४०० ला मिळाली आणि तीन हंगाम टिकली. तर चांगलीचा खर्च हंगामाला ८०० रुपयेच पडला. स्वस्त कोणती, ते सभासदांनीच ठरवावे.

झाकण्याची रीत

चांगली ताडपत्रीही चुकीची बांधली की वाया जाते. गंजीचा मधला भाग उंच ठेवावा, म्हणजे पाणी घरंगळून जाईल. दहा बाय दहा फुटांच्या खळग्यात दोन इंच पाणी साचले, तर ते पावणेपाच क्विंटल भरते. एवढ्या ओझ्याने कड्या उपटतात, बांधकामावरचे बांबू मोडतात. दगड ठेवू नयेत, ते घासून भोके पाडतात. मातीने भरलेली पोती ठेवावीत. जिथे बांबूचे किंवा पत्र्याचे टोक लागते तिथे गोणपाट गुंडाळावे. दोरी ताणून बांधावी, कारण वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री लवकर फाटते.

प्लॅस्टिकमधून हवा जात नाही. ओले सोयाबीन गच्च झाकले, तर आत घाम सुटतो, माल तापतो आणि बुरशी धरतो. म्हणून पाऊस उघडला की ताडपत्री बाजूला करावी, उन्हाची तिरीप लागू द्यावी. कांद्याच्या चाळीलाही वरून आणि वाऱ्याच्या बाजूने झाकावे, चहूबाजूंनी कोंडू नये. सिमेंटचे मात्र उलट आहे. तिथे हवेतली ओलसुद्धा नको. पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून दूर रचून सर्व बाजूंनी झाकावीत.

कोपीवरची ताडपत्री

शेवटी एक विनंती. बीड, जालना, परभणीकडून ऊसतोडीची टोळी येते. फडाशेजारी त्यांच्या कोप्या पडतात, आत लेकरेबाळे असतात. हंगाम सुरू होताना पाऊस हमखास एखादा तडाखा देतो. आपली जुनी पण न गळणारी ताडपत्री त्या दिवशी कामी आली, तर आपला ऊस तोडणाऱ्या माणसाला रात्रीची झोप मिळेल. मात्र प्लॅस्टिक चटकन पेटते. चूल कोपीपासून लांब मांडायला मुकादमाला आवर्जून सांगावे.

गणपती उठले की सोयाबीन काढणीची गडबड सुरू होते. त्याआधी एका उघडिपीच्या दिवशी घरातली ताडपत्री अंगणात पसरावी, भोके बघावीत, उंदरांनी कुरतडले असेल तर जोड द्यावा. नवी घ्यायची असेल तर ढग भरून येण्याआधी घ्यावी, कारण आभाळ गडगडू लागल्यावर काट्यावर घालायला ना दुकानदाराला सवड असते, ना आपल्याला.