डेटाच्या पोटातले २५६ फोल्डर

घरच्या सर्व्हरवर रेस्टिक हा बॅकअप प्रोग्राम बसवला, बॅकअपला डिस्क नेमून दिली आणि कौतुकाने ती उघडून पाहिली. तर ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये ०० ते एफएफ अशा नावांचे तब्बल २५६ फोल्डर रांगेत उभे. एकही बॅकअप घेण्याआधीच! व्हायरस शिरला की काय, अशी शंका येते. पण इथे जे घडतंय ते फार सुंदर आहे.

रेस्टिक प्रत्येक फाइलचे तुकडे पाडतं, पण पट्टी लावून नाही. बाइट्सवरून एक छोटी खिडकी सरकत जाते, खिडकीतल्या मजकुरावरून एक आकडा निघतो आणि तो ठरलेल्या अटीत बसला की तिथे काप. तुकडा साधारण ५१२ केबी ते ८ एमबीपर्यंतचा. कुठे कापायचं हे मजकूरच ठरवत असल्यामुळे मोठ्या फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर घुसवलं, तरी पुढचे काप बहुधा होते तिथेच पडतात. नवा तुकडा एखादाच. बाकीचे आधीच साठवलेले असतात.

हे तुकडे कुलूपबंद होऊन गठ्ठ्यांत जातात आणि गठ्ठ्याचं नाव त्याच्या आतल्या बाइट्सवरूनच निघतं: एसएचए-२५६ या गणिताने आलेली ६४ चिन्हं. चिन्हं सोळाच प्रकारची, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. पहिली दोन चिन्हं म्हणजे फोल्डर. सोळा गुणिले सोळा, २५६. एकाच फोल्डरात हजारो फाइली कोंबायला नकोत म्हणून ही विभागणी. प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातलं गिटही २००५ पासून अशीच मांडणी करतं.

स्वतः करून पाहा. ३एफ फोल्डरमधली कुठलीही फाइल घ्या, तिच्यावर ‘एसएचए२५६सम’ चालवा. पडद्यावर उमटणारी ६४ चिन्हं आणि फाइलचं नाव तंतोतंत एकच! डिस्कवर एक बिट जरी बिघडला, तरी दोन्ही जुळणार नाहीत. म्हणून या फोल्डरांतलं काहीही हाताने पुसू नका. जागा हवी असेल तर आधी ‘फरगेट’, मग ‘प्रून’.

खरोखरच अनाहूत फोल्डरही असतात. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकमध्ये स्रोताच्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ द्यायची राहिली की ‘फोटो’च्या आत पुन्हा ‘फोटो’. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला फोल्डर जोडताना चुकीचा पत्ता दिला तर तो बहुतेक वेळा निमूटपणे रूटच्या मालकीचा रिकामा फोल्डर बनवून मोकळा होतो.

सगळ्यांत फसवा प्रकार वेगळाच. बाहेरची डिस्क माउंट झालेलीच नसते आणि आरसिंकने घेतलेला बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सर्व्हरच्या मूळ डिस्कवर जाऊन पडतो. नंतर बाहेरची डिस्क माउंट झाली की तो ढीग तिच्याखाली झाकला जातो. डिस्कची उरलेली जागा सांगणारं ‘डीएफ’ म्हणतं जागा संपली, फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला काही सापडत नाही. अशा वेळी बॅकअप थांबवा, डिस्क अनमाउंट करा आणि खाली काय दडलंय ते पाहा. ते हलवून फोल्डर रिकामा झाला, की माउंट करण्याआधी त्यावर बदल रोखणारं ‘चॅटर +आय’ चालवा. त्यानंतर डिस्क नसेल तेव्हा तिथे रूटलाही काही लिहिता येत नाही. बॅकअप तिथल्या तिथे अडतो आणि चूक लगेच कळते.